वाडीतला तार पंचम

वरचे सूर यायला किती दिवस लागतात, असं कुणी विचारलं की सरांचं डोकं फिरायचं. आणि हाच प्रश्न घेऊन प्रत्येकजण त्यांच्याकडे यायचा. मीही तोच घेऊन गेले होते.

वालीवला पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी कामाला होते, अजूनही आहे. तिशी ओलांडली होती, पदरात एक मुलगा होता, आणि बिल्डिंगच्या गणपतीत गाणं म्हणण्यापलीकडे गाण्याशी काही संबंध उरला नव्हता. आवाज बरा होता. फक्त वरच्या सप्तकातल्या गंधारापाशी गेला की तो एकतर फाटायचा नाहीतर किंचाळायचा. गंधाराच्या वर मध्यम, मध्यमाच्या वर पंचम. तो तार पंचम माझ्यासाठी दुसऱ्या गावाला होता. कुणीतरी सांगितलं, गिरीजला एक ख्रिस्ती मास्तर आहेत, शास्त्रीय शिकवतात, गळा वर चढवून देतात. रविवारी दुपारी रिक्षा करून गेले.

वाडीच्या तोंडाशी खाकी अर्धी चड्डी आणि बनियन घातलेला, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस असलेला एक बुटका माणूस केळीची वाळकी पानं कापत होता. मी त्याला गडी समजून विचारलं, सर आहेत का. त्याने कोयता खाली ठेवला आणि म्हणाला, "आहेत. काय हवंय?"

"गाणं शिकायचंय. वरच्या पंचमापर्यंत जायला किती दिवस लागतील?"

"घरी मुलं आहेत?"

"एक मुलगा आहे."

"त्याच्यावर ओरडतेस?"

"ओरडावं लागतं."

"मग तो मोठा होईस्तोवर लागतील."

आणि पुन्हा पानं कापायला लागला. तेव्हा मला कळलं की हेच सर. मला मनातून रागच आला होता, पण रिक्षावाल्याला मी परत पाठवून बसले होते. म्हणून थांबले. माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता.

सर आता नाहीत. त्यांच्याबद्दल बोलताना लोक हसतात, कारण सांगण्यासारख्या गोष्टी बहुतेक हसण्यासारख्याच आहेत. मीही सांगताना हसते. पण एकटी असले की मला त्यांच्याबद्दल हसू येत नाही.

शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती, ती मी दुसऱ्या कुठल्याही गाण्याच्या मास्तरात पाहिली नाही. शिष्याला ओट्यावर तानपुऱ्याजवळ बसवायचं आणि आपण वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला, केळीच्या शेवटच्या रांगेत जाऊन काम करत ऐकायचं. "जवळून सगळ्यांचाच आवाज बरा वाटतो," असं त्यांचं म्हणणं. "लांबून जो सूर टिकतो तो सूर." तिथून ओरडून चुका सांगायच्या तर गळा खराब होणार. म्हणून पंपाचा जो लोखंडी पाईप वाडीभर गेला होता, त्याच्यावर ते कोयत्याची पाठ मारायचे. एकदा टण् म्हणजे सूर उतरलाय. दोनदा टण् टण् म्हणजे चढलाय. काहीच वाजलं नाही म्हणजे बरोबर, पुढे चला. पाईप ओट्याखालूनच जायचा, त्यामुळे तो टण् थेट बुडाखाली वाजायचा. पहिल्या दिवशी मी दचकून उठून उभीच राहिले होते. शेजारच्या वाडीतल्या बायकांनासुद्धा ही भाषा पाठ झाली होती. मी परत निघाले की कुंपणापलीकडून विचारायच्या, "काय गो, आज लय मार खाल्लास?"

ओरडणं हे त्यांच्या लेखी पाप होतं. रिक्षा थांबवायची तर टाळी वाजवायचे. बायकोला हाक मारायची तरी टाळीच. आंटी त्यावर भयंकर चिडायच्या. "कबुतरं उडवतात तसं मला बोलवतात," असं म्हणत त्या मुद्दाम उशिरा बाहेर यायच्या, पण येताना सुकेळ्यांची ताटली घेऊन यायच्या. ती वाळवलेली राजेळी केळी मी आयुष्यात इतकी कधी खाल्ली नसतील. सर मात्र मला गाण्याआधी एकही खाऊ द्यायचे नाहीत. घशात गोड चिकटतं म्हणे.

कानांची तर ते अशी काळजी घ्यायचे की बघणाऱ्याला चीड यावी. खिशात कापसाची डबी. लग्नाचा बँड दिसला की कापूस कानात. गावात कुणाकडे डीजे लागला की हे वाडीच्या विहिरीपलीकडे जाऊन बसणार. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्साच्या प्रार्थनेला शेवटच्या बाकावर बसायचे, स्पीकरपासून सगळ्यात लांब. आधी ते देवळाच्या गायनमंडळात होते, पेटी वाजवायचे. तिथल्या तरुण मुलांनी प्रत्येकाला एकेक माईक दिला त्या दिवशी त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि घरी आले. फादर स्वतः समजूत काढायला आले होते. सर त्यांना म्हणाले, "फादर, माईकने गळा आळशी होतो. देवाला कमी ऐकू येतं का?"

शेवटी ज्यांना कमी ऐकू यायला लागलं ते हेच. एवढं जपून. सगळं आयुष्य कापूस घालून. मला याचा अजूनही संताप येतो आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

पण ते नंतर. आधी ते माणिकपूरच्या बाजूला एका शाळेत गणित शिकवायचे आणि शाळा सुटली की गिरगावात एका बुवांकडे गाणं शिकायला जायचे. घरी वाडी, शाळेत गणित, आणि संध्याकाळी हा ख्रिस्ती पोरगा बुवांसमोर मांडी घालून बसलेला. आंटी सांगायच्या, सासूला वाटायचं याचं मुंबईत काहीतरी लफडं आहे. बुवांकडे त्यांनी बरीच वर्षं काढली. एक दिवस बुवांनी सगळ्यांसमोर त्यांना सांगितलं की गळा आपली उंची घेऊनच जन्माला येतो. तू मध्यमाचा माणूस. पंचमाच्या नादाला लागू नकोस. सर म्हणाले, हे मला पटत नाही, गळा वाढवता येतो, फक्त वेळ लागतो. बुवा म्हणाले, मग वाढवून दाखव. सरांनी नमस्कार केला आणि परत गेले नाहीत.

त्यांचा स्वतःचा गळा काही वाढला नाही. फळ्यासमोर मुलांवर ओरडून ओरडून तो कामातून गेला, असं ते म्हणायचे. मग उरला एकच मार्ग, दुसऱ्याचा गळा. असा गळा, जो गंधारावर अडकलाय आणि ज्याला सगळ्यांनी सांगितलंय की तुझं एवढंच. तो पंचमापर्यंत न्यायचा. जोर न करता, खरा, टिकणारा पंचम. मला त्यांनी हे पहिल्या वर्षीच स्पष्ट सांगितलं होतं.

"मला एकदा समोर बसून ऐकायचाय. माझ्या शिकवणीतून आलेला. एकदा ऐकला की बस."

"बुवांना सांगायला?" मी म्हटलं.

"बुवा मेले. पण त्यांना खोटं पाडायचंय ते पाडायचंयच."

त्यांच्याकडे किती शिष्य आले आणि गेले, त्याची गणती त्यांनाही नव्हती. काहींचा गंधार पक्का झाला, काहींचा मध्यम लागायला लागला, आणि मग कुणाचं लग्न झालं, कुणी कॅनडाला गेलं, कुणाची शिफ्ट बदलली. बहुतेकांना कंटाळा आला. एक मुलगा विरारहून यायचा. त्याने एकदा फोनवर कसलासा व्हिडिओ दाखवला, तीस दिवसांत रेंज वाढवा. सरांनी तो चष्मा लावून पूर्ण बघितला. फोन परत देत म्हणाले, "तीस दिवसांत केळीला पानं फुटतात. घड नाही लागत." तो मुलगा पुढच्या रविवारी आला नाही.

मी टिकले. मी काही थोर नाही, पण आठवड्यातून एक दुपार मला माझी अशी हवी होती आणि गिरीजच्या त्या ओट्यावर ती मिळत होती. पहिलं सगळं वर्ष त्यांनी मला वर जाऊच दिलं नाही. खालचे सूर, खर्ज, आणि ओठ फुरफुरवत सगळ्या वाडीला फेऱ्या. मी फुर्र करत केळीतून चाललेय आणि पाहुणे आलेत, असंही झालं. कधी येणार, कधी येणार म्हणून मी भुणभुण लावली, तेव्हा एकदाचं त्यांनी नीट उत्तर दिलं.

"हे बघ बाय. आधी बरेच महिने काहीच होणार नाही. मग एक दिवस अर्धा सूर वर सापडेल. तू नाचत घरी जाशील. दुसऱ्या दिवशी तो नसेल. मग तो पुन्हा येईल, पुन्हा जाईल. आला तर आनंद नाही, गेला तर दुःख नाही असं जेव्हा होईल ना, तेव्हा तो तुझा. त्याच्यापुढचा अर्धा सूर तेव्हा मागायचा."

अगदी तसंच झालं. गंधार सुटला, परत आला, पुन्हा सुटला. मध्यम तर वर्षभर पाहुण्यासारखा येऊन जाऊन होता.

मग ते दिवस आले, ज्यांना मी माझे सुखाचे दिवस समजले. एका रविवारी पाईप फक्त एकदा वाजला. पुढच्या रविवारी वाजलाच नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. काही नाही म्हणजे बरोबर. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, माझी एकसुद्धा चूक निघत नाही आता. ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी होते. मध्यमावर मी ऐटीत उभी राहायचे आणि वाडीच्या टोकाला शांतता. त्या शांततेची मला चटक लागली.

एका दुपारी घशात खवखव होती. मध्यम लावला तो सपशेल उतरलेला, मला स्वतःलाच टोचला. मी बुडाखालच्या टणची वाट पाहत बसले. काही नाही. मी पुन्हा लावला, या वेळी मुद्दाम आणखी खाली. काही नाही. मग मी शुद्ध बेसूर गायले, शेजारच्या बायका हसाव्यात इतकं. शेवटच्या रांगेत सर पाठमोरे बसून केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं खणून काढत होते. त्यांच्या अगदी मागे कुत्रा भुंकत होता आणि त्यांनी वळूनही बघितलं नाही.

आंटी दारात उभ्या होत्या. त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "त्यांना वाटतं, तुझी चूकच होत नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात मला सांगत होते, पोरगी आली गो पंचमाच्या दाराशी."

मी तानपुरा खाली ठेवला आणि मला रडू फुटलं. माझं गाणं बरोबर नव्हतं याचं ते नव्हतं, किंवा थोडं त्याचंही असेल.

सांगायला तर हवं होतं. आंटींनी सांगितलं, त्यांच्या घरच्या बोलीत, आणि मी आत बसून राहिले. मला वाटलं होतं सर चिडतील. ते चिडले नाहीत. पुढच्या रविवारी ते पंपाच्या खोलीपाशी काम करताना दिसले, म्हणजे अर्ध्या वाडीवर. दिवाळीपर्यंत ते विहिरीपाशी आले. नाताळात ओट्याच्या पायरीवर होते. कारण दर वेळी वेगळं. कधी वारा, कधी पानांची सळसळ, कधी शेजारचा पंप. जितका माझा सूर वर सरकायचा, तितके ते जवळ सरकायचे. शेवटी ते माझ्यासमोर येऊन बसले आणि त्याहून जवळ यायला जागा उरली नाही.

माणिकपूरला कानाची मशिनं मिळतात तिथे आम्ही दोघी त्यांना घेऊन गेलो. तिथल्या तरुण बाईंनी फार प्रेमाने तपासलं. मशीन कानात बसलं आणि सरांचा चेहराच बदलला. रस्त्यावरचे हॉर्न ऐकून ते "परमेश्वरा" म्हणाले. आंटी मागून हळू आवाजात काहीतरी पुटपुटल्या तर यांनी गर्रकन वळून उत्तर दिलं. रिक्षात आम्ही तिघंही हसत होतो.

घरी आल्या आल्या म्हणाले, सा लाव. मी लावला. क्षणभर त्यांनी मान डोलावली, मग कपाळाला आठी पडली. त्यांनी मशीन काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. "लांब लाव." मी लांब लावला. "थरथरतोय," ते म्हणाले. "आता गेला. थांबलीस का?" मी थांबले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे. त्या बाईंनी समजावून सांगितलं, "काका, मशीन बोलणं ऐकण्यासाठी बनवलेलं असतं. एकसारखा लांब आवाज आला की त्याला वाटतं, ही माझीच शिट्टी वाजतेय. मग ते तो दाबून टाकतं." त्यांनी गाण्याचं म्हणून वेगळं सेटिंग असतं तेही लावून दिलं. त्यात खालचा सा घरघरत का होईना राहायचा. वर गेलं की काही नाही.

"म्हणजे भांडण ऐकू येणार, सूर नाही," सर म्हणाले.

"बरं झालं," आंटी म्हणाल्या. "आता तरी माझं ऐका." पण हे म्हणताना त्या दुसरीकडे बघत होत्या.

मशीन काढून, अगदी जवळ बसून, जोराने गायलं तर त्यांना थोडं ऐकू यायचं. हे माझ्या लक्षात आलं आणि मी तेच करायला लागले. कुणी मला सांगितलं नव्हतं. मध्यमावर मी जोर लावायचे आणि त्यांचे डोळे लकाकायचे. ते लकाकलेले बघायला मी आणखी जोर लावायचे. मध्यमाच्या वर, पंचमाच्या अगदी खालच्या सुराला मी एकदा पोहोचले, कशी पोहोचले ते माझ्या नरड्यालाच ठाऊक, आणि सरांनी मांडीवर थाप मारली. त्या थापेसाठी मी काय वाटेल ते केलं असतं. जी गोष्ट त्यांनी मला वर्षानुवर्षं करू दिली नव्हती, तीच मी त्यांच्यासाठी, त्यांच्यासमोर बसून करत होते. आणि ज्याने ती ऐकून पकडायची त्याला ती ऐकू येत नव्हती.

पावसाळ्याच्या तोंडाशी माझा आवाज बसला तो उठेना. डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं. सूज आहे, गाठी धरायच्या बेतात आहेत, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. ऑफिसात सगळ्यांना मजा वाटली. मुलाला आई ओरडत नाही म्हणून सुट्टी लागल्यासारखं झालं. मी पाटीवर लिहून त्याला दम द्यायचे आणि तो पाटी पुसून टाकायचा.

रविवारी मी तरीही गिरीजला गेले. सरांना आंटींकडून कळलं होतं. ते ओट्यावर बसले होते आणि त्यांनी मला बसही म्हटलं नाही.

"मला ऐकू यावं म्हणून?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"जीव गेला असता तरी चाललं असतं का तुला?"

मला बोलायची सोय नव्हती. मग ते असं बोलले, जसं वर्गात गणित सोडवून दाखवत असतील.

"वरचा सूर पहिल्यांदा येतो तो बारीक येतो. सुईत ओवायच्या दोऱ्याएवढा. जोर केलास की गेला. मला ऐकू येईल एवढा मोठा लावशील, तर ती आरोळी झाली, पंचम नाही. खरा लावशील, तर मला ऐकू येणार नाही. या दोन्हीत तिसरं काही बसत नाही. मी पुष्कळ विचार केला."

मग उठले. "तू हळू गायचंस," ते म्हणाले. "माझं सोड." आणि पंप चालू करायला गेले. त्या वेळी पंप चालवायचं काही कारण नव्हतं, रात्रभर पाऊस पडून वाडीत पाणी साचलं होतं.

आवाज परत यायला दिवाळी उजाडली आणि मी पुन्हा खर्जापासून सुरुवात केली. आता सर डोळ्यांनी शिकवायला लागले. मशीन कानात असायचं, ते बोलण्यापुरतं. मी गायले की ते माझी मान बघायचे. "शीर दिसली. सोड." "हनुवटी वर गेली. सोड." "खांदा." सुराबद्दल एक शब्द नाही, सगळं शरीराबद्दल. आणि त्यांचं बरोबर असायचं. मान ताठरली की सूर चढलेला किंवा चिरडलेला असायचाच. वाटेवरून जाणाऱ्या बायका एक म्हातारा एका बाईच्या गळ्याकडे टक लावून बसलाय हे बघून आधी थबकायच्या, मग ओळखून पुढे जायच्या.

त्या दिवसांत ते फारसे विनोद करत नव्हते. वाडीतलं कामही कमी झालं होतं. आंटी सांगायच्या, सकाळी उठून मशीन न घालता तानपुऱ्याला कान टेकवून बसतात आणि मग तसाच ठेवून देतात. मी एकदा म्हटलं, सर, आपण थांबू या का? ते म्हणाले, "का? तुझे कान गेलेत का?" पुन्हा मी तो विषय काढला नाही. मध्यम आला, गेला, आला, आणि एक दिवस त्याचं येणंजाणं माझ्या लक्षातही राहीनासं झालं. त्याच्या वरचा सूर सापडला, हरवला, सापडला. माझा मुलगा तोवर दहावीच्या क्लासला जायला लागला होता.

तो रविवार काही वेगळा नव्हता. ऊन होतं. आंटी मिस्साहून येऊन मासळी साफ करत होत्या. सर नेहमीसारखे समोर, पुढे झुकून, नजर माझ्या गळ्यावर. मी मध्यमावर टेकले, तिथून वर गेले आणि पुढे काही अडलं नाही. चढण संपून सपाटी लागावी तसं झालं. सूर तिथे होता. बारीक होता, पण होता. हलत नव्हता. मी तो धरून ठेवला. श्वास संपला, दुसरा घेतला, पुन्हा त्याच जागी गेले आणि तो पुन्हा तिथेच होता.

मी सरांच्या तोंडाकडे बघत होते. ते माझ्या मानेकडे बघत होते. त्यांनी एक हात थोडा वर उचलून धरला होता, काही चुकलं की "सोड" म्हणण्यासाठी. तो हात तसाच राहिला. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"लाव ना गो," ते जरा वैतागून म्हणाले. "कशाची वाट बघतेस?"

मी तेव्हा पंचमावर होते.

आंटी ओले हात घेऊन दारात आल्या होत्या. "गाते ना ती," त्या म्हणाल्या. "कवाची गाते."

बोलणं त्यांना ऐकू यायचं. त्यांनी आंटींकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात हळूहळू मांडीवर ठेवला.

"पंचम?"

मी मान हलवली.

"गाताना मान हलली नव्हती," ते म्हणाले. "एक शीरसुद्धा नाही. मला वाटलं, तू अजून सुरूच केलं नाहीस."

आंटी तिथेच उभ्या, हातातून पाणी टपकत होतं. सरांनी मशीन कानात नीट दाबून बसवलं आणि पुढे झुकले.

"कसा होता?" त्यांनी मला विचारलं.

कसा होता ते इतकी वर्षं त्यांनी सांगायचं आणि मी ऐकायचं. मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. सगळा वेळ मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्यांच्यापर्यंत तो पोचतोय का एवढंच बघत होते. मी तो ऐकलाच नव्हता.

"चांगला होता, सर," मी म्हणाले.

हे त्यांना पहिल्या खेपेलाच ऐकू आलं.